जुळवून घेण्याची किंमत : तापत्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जीवसृष्टी

२०२१ च्या जूनअखेरीस अमेरिकेचा वायव्य कोपरा आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत उष्णतेच्या अभूतपूर्व लाटेखाली सापडले. २८ जूनला सिअ‍ॅटलमध्ये पारा ४२ अंश सेल्सियसवर गेला, पोर्टलंडमध्ये ४६ च्याही पुढे. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश कोलंबियातील लिटन या छोट्या गावात ४९.६ अंशांची नोंद झाली आणि त्याच्या पुढच्याच दिवशी वणव्याने ते गाव जवळजवळ संपूर्ण भस्मसात केले. सिअ‍ॅटल परिसरात राहणारे वाचक ते दिवस विसरले नसतील. वातानुकूलन यंत्र ही चीज तिथल्या अनेक घरांत तोवर नव्हतीच, कारण ते कधी लागतच नसे.

त्याच दिवसांत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील सागरी परिस्थितिकीचे अभ्यासक प्रा. ख्रिस्तोफर हार्ली व्हँकूवरच्या किट्सिलानो किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा किनारा दिसण्याआधी त्याचा वास त्यांच्यापर्यंत पोहोचला. खडकांना चिकटलेले शिंपले तोंड वासून मेलेले होते, उन्हात अक्षरशः शिजले होते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात खडकांच्या पृष्ठभागाचे तापमान पन्नास अंशांहून अधिक दिसले. सिअ‍ॅटल, व्हिक्टोरिया आणि व्हँकूवर यांच्यामध्ये पसरलेल्या सेलिश समुद्राच्या किनाऱ्यांवर त्या काही दिवसांत एक अब्जाहून अधिक प्राणी मेले असावेत, असा अंदाज हार्ली यांनी बांधला. तो आकडा जगभरच्या बातम्यांत झळकला आणि, बातम्यांचे होते तसे, मागे पडला.

या घटनेतील कोडे मात्र मागे पडण्यासारखे नाही. मेलेले प्राणी नाजूक नव्हते. रोज पाण्याबाहेर पडून ऊन, वारा आणि कोरडेपणा सोसणे हाच त्यांचा हजारो पिढ्यांचा व्यवसाय. तापमानातील चढउतारांशी जुळवून घेण्यात पृथ्वीवरील फार थोडे प्राणी त्यांची बरोबरी करू शकतील. मग तेच सर्वांत आधी का मेले? किनाऱ्यावरचे जीव बदलत्या हवामानाशी जुळवून घेत आहेत का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे, आणि काही बाबतींत तो वेग थक्क करणारा आहे. पण या ‘होय’मागे एक हिशेब आहे. तो पाहिला नाही, तर ‘निसर्ग आपला मार्ग काढतोच’ हे वाक्य फार स्वस्तात वापरले जाते.

ओहोटीचे घड्याळ

कोकणात वाढलेल्या कोणालाही भरती-ओहोटीच्या मधला खडकाळ पट्टा वेगळा समजावून सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत उघडे पडणारे कातळ, त्यांवरची कालवे, फटींतल्या कुर्ल्या, साचलेल्या पाण्याच्या डबक्यांतले इवले मासे हे सारे लहानपणीच पाहिलेले असते. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हाच पट्टा आहे. फक्त पाणी कमालीचे थंड. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्याजवळचे पाणी समुद्राकडे लोटतात, आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंडगार, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही मध्य कॅलिफोर्नियाच्या समुद्रात उतरणाऱ्याच्या पायांत कळा येतात. बे एरियात नव्याने आलेल्या आपल्या पाहुण्यांना ‘बीच’वर नेल्यानंतरचा त्यांचा हिरमोड अनेकांनी अनुभवला असेल.

या पट्ट्याचा अनभिषिक्त राजा म्हणजे कॅलिफोर्निया शिंपला. उपाहारगृहांत ‘मसल्स’ म्हणून मिळणाऱ्या, आणि मालवण-गोव्याकडे शिनाणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिंपल्यांचा हा थंड पाण्यातला भाऊबंद. निळसर काळ्या कवचांच्या दाट गाद्याच्या गाद्या खडकांवर पसरलेल्या असतात आणि त्यांच्या आडोशाने शेकडो प्रकारचे लहान जीव राहतात. भरतीत या शिंपल्याचे शरीर पाण्याइतके, म्हणजे बारा-तेरा अंशांवर असते. ओहोटीत ऊन तापले की तेच शरीर काही तासांत तीस अंशांच्या पुढे जाते. चाळिशीच्या आसपास पोहोचले की मृत्यू गाठतो. गडद कवच, हलता न येणे आणि खडकाची धग या तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात जातात. म्हणूनच वेधशाळेने सांगितलेले हवेचे तापमान शिंपल्याच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक असते. त्याचे स्वतःचे तापमान त्याहून दहा-पंधरा अंशांनी अधिक असू शकते.

हे नेमके मोजायचे कसे? ब्रायन हेल्मथ या शास्त्रज्ञाने त्यावर साधा आणि नामी उपाय काढला. एपॉक्सी रेझिनचा, खऱ्यासारखा तापणारा आणि निवणारा बनावट शिंपला तयार करून त्याच्या पोटात तापमापक बसवायचा आणि तो खऱ्या शिंपल्यांच्या गादीत चिकटवून द्यायचा. या ‘रोबो-शिंपल्यां’नी गोळा केलेल्या नोंदींतून २००२ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसा ताप कमी होत जाईल, अशी सर्वांची धारणा होती. प्रत्यक्षात वॉशिंग्टन राज्यातील काही ठिकाणचे शिंपले, शेकडो मैल दक्षिणेकडील कॅलिफोर्नियातल्या काही शिंपल्यांइतकेच किंवा त्यांहूनही अधिक तापत होते.

कारण ओहोटीच्या वेळेत दडले होते. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यातली मोठी ओहोटी पहाटे किंवा भल्या सकाळी येते. ऊन चढेपर्यंत पाणी पुन्हा खडकांवर आलेले असते. उत्तरेकडे जाताना ही वेळ दुपारकडे सरकते, आणि सेलिश समुद्राच्या आतल्या भागात उन्हाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी भर मध्यान्हीच्या सुमारास येते. जून २०२१ च्या त्या आठवड्यात वर्षातल्या मोठ्या ओहोट्यांपैकी काही ओहोट्या नेमक्या उष्णतेच्या लाटेवर आणि दुपारच्या उन्हावर येऊन आदळल्या. बाहेरच्या, खुल्या समुद्राकडील किनाऱ्यावर ओहोटी सकाळी लवकर येत असल्याने तिथली हानी तुलनेने कमी राहिली. एकाच खडकाच्या दक्षिणेकडील उन्हाच्या अंगावरचे शिंपले मेले आणि सावलीतल्या उत्तर अंगावरचे जगले, असेही दिसले. जगणे-मरणे दोन-तीन हातांच्या अंतरावर ठरत होते. हवामान-बदलाचे नकाशे आपण देशांच्या आणि राज्यांच्या मापाने रंगवतो, त्यात ही दोन-तीन हातांची भूमिती कुठेच दिसत नाही.

शरीरातली तजवीज

‘जुळवून घेणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आपण सैलपणे वापरतो. जीवशास्त्रात त्याचे वेगवेगळे अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निष्कर्षही चुकतात. एक असते वागणुकीतली सोय. फटीत सरकणे, सावली धरणे, कवच घट्ट मिटून घेणे. उंचावरच्या खडकांवर राहणारी काही बारीक गोगलगाय तापल्या खडकापासून पाय आत ओढून घेते आणि कवचाची केवळ कड चिकट स्रावाने खडकाला टेकवून उभी राहते. तापल्या तव्याला कमीत कमी स्पर्श, एवढेच तिचे तंत्र. दुसरा असतो सराव. एका जिवाच्या आयुष्यातच शरीराचे कामकाज बदलणे. तिसरी उत्क्रांती. ती व्यक्तीच्या वाट्याला येत नाही, पिढ्यांच्या येते. आणि ती घडण्यासाठी कोणी तरी मरावे लागते.

सरावाची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. पेशी तापल्या की त्यांतील प्रथिनांची घडी विस्कटू लागते; अंडे उकडताना होते तेच, पण सुरुवातीच्या पायरीवर. अशा वेळी पेशी ‘उष्माघात प्रथिने’ नावाची मदतनीस प्रथिने तयार करते. ती विस्कटलेल्या प्रथिनांना पुन्हा घडीवर आणतात किंवा न सुधारणाऱ्यांची विल्हेवाट लावण्यास हातभार लावतात. टोपीसारख्या कवचाच्या लिम्पेट या गोगलगाईंवरील संशोधनात असे आढळले, की खडकाच्या वरच्या भागात राहणाऱ्या जाती या प्रथिनांचा साठा आधीच करून ठेवतात. खालच्या, क्वचितच तापणाऱ्या भागातल्या जाती संकट आल्यावर धावपळ करतात. वरच्यांचा शहाणपणा उघड आहे, पण तो फुकट नाही. प्रथिने बनवायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीच्या व प्रजननाच्या वाट्यातून जाते. जो शिंपला रोज दुरुस्तीवर खर्च करतो, त्याच्याकडे अंडी घालायला कमी उरते.

उत्क्रांतीने केलेली तजवीज याहून सूक्ष्म आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉर्ज सोमेरो यांनी आपली कारकीर्द या एका प्रश्नाला वाहिली, की उष्ण आणि थंड ठिकाणच्या प्राण्यांची विकरे नेमकी कुठे वेगळी असतात. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात विसाव्या शतकात भूमध्य समुद्रातील एक शिंपला जहाजांबरोबर येऊन स्थिरावला आणि त्याने तिथल्या मूळच्या शिंपल्याला हुसकावून लावले. दोघे दिसायला इतके सारखे, की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. परंतु पाहुण्याचे हृदय अधिक तापमानापर्यंत ठोके देत राहते. सोमेरो यांच्या गटाने दोघांच्या पेशींतील एक महत्त्वाचे विकर तपासले. तीनशेहून अधिक अमिनो आम्लांच्या त्या साखळीत दोघांत फरक होता अवघ्या दोन दुव्यांचा, आणि उष्णतेत काम करण्याच्या क्षमतेतला फरक त्यांतल्या एका दुव्यावर उभा होता. म्हणजे बदल करायचा तर निसर्गाला फार काही करावे लागत नाही, असे वाटावे. अडचण अशी, की योग्य जागी योग्य बदल आधीपासून कोणाच्या तरी जनुकांत असावा लागतो. मागणी नोंदवून तो मिळत नाही.

आणि आता या लेखाच्या मुळाशी असलेला प्रयोग. पॅसिफिक किनाऱ्यावर दगडांखाली पोर्सेलिन खेकडे नावाचे चपटे, नाण्याएवढे खेकडे राहतात. त्यांच्या कित्येक जाती आहेत, काही ओहोटीत बराच वेळ उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात राहतात, तर काही जवळजवळ सतत पाण्याखाली. जोनाथन स्टिलमन यांनी या खेकड्यांना हळूहळू तापवत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरच्या पट्ट्यातल्या जातीचे हृदय साधारण ३१-३२ अंशांपर्यंत टिकले, खालच्या पट्ट्यातल्या जातीचे २६-२७ पर्यंतच. इथवर अपेक्षेप्रमाणेच. वरचा खेकडा काटक, खालचा नाजूक.

पण स्टिलमन यांनी पुढचा प्रश्न विचारला. दोघांनाही काही आठवडे उबदार पाण्यात ठेवून सराव दिला, तर त्यांची मर्यादा किती वर सरकते? २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले उत्तर अनपेक्षित होते. नाजूक खेकड्याची मर्यादा चांगलीच वर सरकली. काटक खेकड्याची जेमतेम हलली. शिवाय काटक खेकड्याच्या दगडाखाली आजच तापमान अधूनमधून त्याच्या मर्यादेच्या अगदी काठापर्यंत पोहोचते, तर नाजूक खेकड्याच्या घरात ते अजून कित्येक अंश मागे आहे. उष्णता सोसण्याचे सामर्थ्य मिळवताना काटक जातीने पुढच्या सरावाची क्षमता खर्चून टाकली होती.

किट्सिलानोच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. जो जीव उष्णतेशी सर्वाधिक जुळवून घेतलेला आहे, त्याच्याकडे आणखी जुळवून घेण्याची शिल्लक सर्वांत कमी असते. सोसणारा आणखी सोसेल, हा आपला नेहमीचा अंदाज या पट्ट्यात उलटा ठरतो.

पितळी खिळ्यांची साक्ष

किनारा बदलतो आहे हे एका भेटीत कळत नाही. त्यासाठी कोणी तरी पूर्वी मोजून ठेवलेले असावे लागते, आणि मॉन्टेरेजवळच्या पॅसिफिक ग्रोव्ह येथे ते ठेवलेले होते. स्टॅनफर्डचे हॉपकिन्स सागरी केंद्र तिथे १८९२ पासून आहे. १९३१ ते १९३३ या काळात विलिस हेवॅट या विद्यार्थ्याने केंद्रासमोरच्या खडकांवर एक सरळ पट्टा आखला, त्यातला प्रत्येक चौरस यार्ड तपासून प्राणी मोजले आणि जागा चुकू नये म्हणून खडकात पितळी खिळे ठोकले. साठ वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली ते खिळे शोधून काढले आणि त्याच जागेवर तीच मोजणी पुन्हा केली.

दक्षिणेकडच्या उबदार पाण्यात राहणाऱ्या नऊ जातींपैकी आठ वाढल्या होत्या. उत्तरेकडच्या थंड पाण्याच्या आठ जातींपैकी पाच घटल्या होत्या. दोन्हीकडे आढळणाऱ्या जातींत ठराविक कल दिसला नाही. या काळात तिथल्या किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान ०.७५ अंशाने आणि उन्हाळ्यातली कमाल सरासरी २.२ अंशांनी वाढली होती. १९९५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा हवामान-बदलामुळे सागरी जीव सरकत असल्याचा तो सर्वांत आधीच्या ठोस पुराव्यांपैकी एक ठरला. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका किचकट, कंटाळवाण्या कामाचे मोल साठ वर्षांनी कळले. शोध-अनुदानाच्या अर्जात असे काही लिहून आज ते मंजूर होईल का, याबद्दल शंका आहे.

२०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य पॅसिफिकवर ‘द ब्लॉब’ या विचित्र नावाने ओळखली गेलेली सागरी उष्णतेची लाट पसरली. तेव्हा हे सरकणे एकदम वेगवान झाले. बोडेगा उपसागरातील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केंद्रातील एरिक सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियात दक्षिणेकडच्या ६७ जाती नोंदवल्या. त्यांपैकी ३७ इतक्या उत्तरेला पूर्वी कधीच आढळल्या नव्हत्या. बहुतेकांचे डिंभ प्रवाहांबरोबर वाहत आले होते. लाट ओसरल्यावर काही पाहुणे नाहीसे झाले, काहींनी बिऱ्हाड थाटले.

सरकता न आलेल्यांची कथा वेगळी. २०१३ पासून या किनाऱ्यावरील तारामाशांना अंग विरघळवून टाकणारा रोग जडला, आणि उबदार पाण्यात त्याचा कहर वाढला. सूर्यफूल तारामासा नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०२० मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. रोगाचा जनक व्हिब्रिओ वंशातील एक जिवाणू असल्याचे २०२५ मध्ये सिद्ध झाले. या तारामाशाचे भक्ष्य असलेले काटेरी जांभळे अर्चिन मग बेसुमार वाढले आणि त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातील केल्प या उंच समुद्रशैवालाची अरण्ये नव्वद टक्क्यांहून अधिक फस्त केली. केल्पवर जगणाऱ्या लाल अ‍ॅबलोनी शंखांची उपासमार झाली आणि २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली. त्या मासेमारीवर चालणारी किनाऱ्यावरची छोटी गावे, खानावळी आणि दुकाने या साखळीच्या शेवटच्या टोकाला होती.

याच रोगाने गेरूच्या रंगाचा ऑकर तारामासाही मारला. वॉशिंग्टनच्या माक्का उपसागरात १९६३ मध्ये रॉबर्ट पेन यांनी हाच तारामासा खडकांवरून उचलून समुद्रात फेकत राहण्याचा प्रयोग केला होता आणि तो नसेल तर शिंपले सारा खडक बळकावतात, हे दाखवून दिले होते. उत्तर-मध्य कॅलिफोर्नियातील काही ठिकाणी ८१ टक्के ऑकर तारामासे दगावले. पाठोपाठ पिल्लांची संख्या मात्र अफाट वाढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड शाखेतील संशोधकांनी रोगापूर्वीच्या आणि नंतरच्या तारामाशांची जनुके ताडून पाहिली. जगलेल्या प्रौढांत आणि नव्या पिल्लांत जनुकांच्या काही रूपांचे प्रमाण एकाच दिशेने बदललेले आढळले. डार्विनला जी प्रक्रिया कल्पनेत हजारो वर्षांवर पसरलेली दिसत होती, ती इथे एका पिढीत घडली होती. मात्र त्यासाठी पाचांपैकी चार प्राणी गेले. ‘जलद उत्क्रांती’ हा शब्द ऐकायला आशादायक वाटतो. व्यवहारात त्याचा अर्थ हा असतो.

पाण्याची बदललेली चव

उष्णता एकटी येत नाही. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि त्यामुळे पाणी किंचित आम्लतेकडे झुकते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर वर उफाळणारे तळाचे पाणी मुळातच कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते. त्यात ही नवी भर पडते.

त्याची पहिली मोठी झळ व्यापाराला लागली. ओरेगनच्या नेटार्ट्स उपसागरावरील व्हिस्की क्रीक या संवर्धन केंद्रातून पश्चिम किनाऱ्यावरील असंख्य कालव-उत्पादकांना डिंभ पुरवले जातात. २००७-०८ मध्ये तिथले डिंभ लाखोंनी मरू लागले. आधी संशय रोगजंतूंवर गेला. पुढे ओरेगन राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर पाणी तपासल्यावर कळले, की दोष पाण्याच्या रसायनात आहे. कालवाचा डिंभ जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर, घाईघाईने पहिले कवच बांधतो. आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात त्या बांधकामाचा खर्च इतका वाढतो, की शिदोरी संपते आणि डिंभ मरतो. उपाय सापडला तो विलक्षण घरगुती. पाण्याची रासायनिक स्थिती सतत मोजायची, दिवसाच्या योग्य वेळी पाणी आत घ्यायचे आणि त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा. केंद्र तरले. खुल्या समुद्रातल्या डिंभांसाठी अर्थातच सोडा नाही.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. ज्या किनाऱ्यावर पाण्याची आम्लता मुळातच वरखाली होत असते, तिथल्या जीवांत ती सोसण्याची जनुकीय विविधता जपली गेलेली असते. जांभळ्या अर्चिनचे डिंभ प्रयोगशाळेत आम्लतर पाण्यात वाढवले, तेव्हा त्यांची वाढ वरवर पाहता फारशी मंदावली नाही. पण जनुके तपासली असता, पिढी तीच असूनही विशिष्ट रूपे असलेले डिंभ अधिक टिकल्याचे दिसले. हा साठा मोठ्या संख्येमुळे असतो. अर्चिनची मादी लाखो अंडी सोडते, त्यामुळे निवडीला वाव मिळतो. संख्या आधीच रोडावलेल्या सूर्यफूल तारामाशाला किंवा अ‍ॅबलोनीला तो मिळत नाही.

दोन्ही बाजूंनी आवळलेला पट्टा

खडकावर शिंपल्यांच्या गादीला दोन सीमा असतात. वरची सीमा ऊन ठरवते, खालची भक्षक तारामासा. हार्ली यांनी २०११ मध्ये व्हँकूवर बेट आणि वॉशिंग्टन परिसरातील जुन्या नोंदी नव्यांशी ताडल्या. ५२ वर्षांत गादीची उभी रुंदी ५१ टक्क्यांनी घटली होती. वरची सीमा उन्हामुळे खाली आली, खालची मात्र तिथेच राहिली, कारण तारामासा पाण्याच्या थंडाव्यात सुरक्षित होता. काही ठिकाणी दोन्ही सीमा एकमेकींना भिडल्या आणि शिंपले संपले. त्यांच्यावर विसंबून असलेले जीवही गेले. तारामासे दूर केले, तर त्याच तापमानात शिंपले खाली सरकून तग धरू शकत होते. कागदावर जगण्याजोगे तापमान असूनही शेजाऱ्यामुळे प्राणी जगू शकत नाही, हा तपशील केवळ तापमानावर आधारलेल्या भाकितांतून निसटतो.

सोमेरो यांनी २०१० मध्ये या साऱ्याचा आढावा घेताना जो निष्कर्ष मांडला, तो आपल्या मायदेशाच्या किनाऱ्याशी थेट जोडलेला आहे. सर्वाधिक धोका उष्ण ठिकाणच्या, आधीच मर्यादेच्या काठावर राहणाऱ्या जातींना आहे, म्हणजेच उष्ण कटिबंधातील भरती-ओहोटीच्या पट्ट्याला. उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५० पासून दर दशकाला सरासरी ०.१२ अंशाने तापत आल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांचे रंग उडाल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गेल्या दशकात केली. कोकणच्या कातळावर कालवे फोडायला बसणाऱ्या बायकांच्या पायाखालचा जीव पोर्सेलिन खेकड्यांपैकी कोणाच्या जातकुळीचा, वरच्या की खालच्या, हे वेगळे सांगायला नको.

सेलिश समुद्रावर माणसाच्या बाजूने एक जुना उपाय पुन्हा हाती घेण्यात आला आहे. तिथल्या आदिवासी जमाती ओहोटीच्या खालच्या रेषेवर दगडांचे बुटके बांध घालत. त्यामागे वाळू साचून सपाट पायरी तयार होई आणि तिच्यात तिसऱ्यांसारखे शिंपले भरपूर वाढत. ब्रिटिश कोलंबियातील असे काही बांध साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे कालमापनातून दिसते. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्विनोमिश जमातीने किकेट बेटावर दगड हातोहात देत नवा बांध घातला. अमेरिकेतला हा आधुनिक काळातील पहिला. कराराने मिळालेला शिंपले गोळा करण्याचा हक्क त्यांच्यापाशी आहे, पण गोळा करायला शिंपले हवेत.

ज्या वाचकांना हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी मध्य कॅलिफोर्नियात नोव्हेंबर ते जानेवारीतली दुपारची ओहोटी गाठावी. उन्हाळ्यात जायचे तर गजर पहाटेचा लावावा. पॅसिफिक ग्रोव्हचा बराचसा किनारा राखीव आहे. तिथून रिकामी शिंपलीही उचलता येत नाही, आणि उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा असतो, कारण त्याखालची सावली कोणाचे तरी घर असते. शाळकरी मुलांना खडकांवरची मोजणी शिकवणारा ‘लिम्पेट्स’ नावाचा उपक्रम कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अनेक वर्षे चालू आहे. मुले दोरीने आखलेल्या चौकटीत बसून शिंपले, बार्नेकल आणि तारामासे मोजतात आणि आकडे कायमच्या नोंदीत जमा होतात. मोजणीला दोन तास लागतात, आणि बूट ओले होतात.